कुकरला घाबरणाऱ्या बाईने लिहिलेला कुकरचा रिव्ह्यू

वस्तू: तीन लिटरचा, आतून बसणाऱ्या झाकणाचा, अ‍ॅल्युमिनियमचा प्रेशर कुकर. किंमत दीड हजाराच्या आगेमागे. घेतला नाशिकच्या भांडी बाजारातून. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते या जातीच्या कुठल्याही आयएसआय कुकरला लागू आहे. दुकानाचंही नाव नाही. दुकानदार काकांना विचारलं होतं, ते म्हणाले, "नको ताई, आहे ती गर्दीच आवरत नाही." माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

ज्या बायका फोनवर बोलता बोलता एका हाताने कुकर लावतात त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. पहिल्या शिट्टीला ज्यांची पावलं आपोआप गॅलरीकडे वळतात त्यांच्यासाठी लिहितेय. अशी माणसं पुष्कळ आहेत, फक्त बोलत नाहीत. गाडी चालवायची भीती वाटते म्हटलं की लोक समजून घेतात, चार जण क्लासचा पत्ता देतात. कुकरची भीती वाटते म्हटलं की हसतात. त्यातून तुम्ही चाळिशी ओलांडलेली, सीएच्या ऑफिसात लोकांच्या जीएसटीच्या भानगडी निस्तरणारी बाई असाल तर विचारूच नका.

मी भुसावळची. बाबा लोको शेडमध्ये होते, लहानपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. दुसरी-तिसरीत असेन, तेव्हा आईच्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व उडाला. फस्सकन आवाज आला आणि पाठोपाठ तुरीची डाळ थेट छतावर. कोणाला काही झालं नाही. आईने गॅस बंद केला, वर बघितलं, "गेलं वरण" म्हणाली आणि पिठल्यासाठी बेसन कालवायला घेतलं. पण छतावर जो पिवळा डाग पडला तो पुढचा चुना मारेपर्यंत तसाच होता आणि जेवताना माझी नजर रोज तिकडेच जायची. त्यात मावशीच्या शेजारणीचा कुकर कसा फुटला, कोणाच्या नणंदेच्या हाताला कसे टाके पडले, हे किस्से. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतसुद्धा असे किस्से चवीने सांगतात.

लग्न होऊन नाशकात आले तर स्वयंपाकघरात सासूबाईंचं राज्य. मला आयतंच फावलं. पोळ्या माझ्या, भाज्या माझ्या, कुकर त्यांचा. त्या गावाला गेल्या की नवरा कामावर निघायच्या आधी कुकर लावून जायचा. त्याची सकाळची पाळी असली की आमच्याकडे पहाटेच शिट्ट्या. खालच्या मजल्यावरच्या काकू कौतुकाने म्हणायच्या, "किती लवकर उठतेस गं!" मी नुसती हसायचे.

मग धाकट्या जावेचं बाळंतपण आलं आणि सासूबाई सोलापूरला दिरांकडे गेल्या. आधी बारसं, मग बाळाचं उष्टावण, मुक्काम वाढतच गेला. नेमकी तेव्हाच नवऱ्याला रात्रपाळी लागली. आमच्या घरात मसूर आणि मुगाचं राज्य सुरू झालं, कारण त्या डाळी पातेल्यात लवकर शिजतात. तूर भिजवून, झाकण ठेवून, अधूनमधून आधणाचं पाणी घालून शिजवली तरी पाऊण तास खाते. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, त्यामुळे आपल्याकडे पाणी शंभरावर नाही, अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. मुंबईपेक्षा वेळ थोडा जास्तच जातो. छोले, राजमा, हुलगे यांचं नावच काढायचं नाही. लेक एक दिवस म्हणाली, "आई, तुरीची डाळ महाग झाली का गं?" हो म्हणाले. तसं खोटंही नव्हतं ते.

आधी एका मोठ्या शोरूममध्ये गेले होते. तिथल्या मुलाने सरळ इलेक्ट्रिक कुकरकडे नेलं. "मॅडम, हा फुल सेफ आहे." कसा काय सेफ, विचारलं. "कंपनीचा आहे ना." तिथूनच मागे फिरले. मला आश्वासन नको होतं, आत काय चालतं ते हवं होतं.

भांडी बाजारातल्या काकांना मात्र पहिल्याच वाक्यात खरं सांगून टाकलं, की मला कुकरची भीती वाटते. ते हसले नाहीत. म्हणाले, "बरंय की. न घाबरणाऱ्या बायका वर्षानुवर्षं रिंग बदलत नाहीत, मग आमच्याकडे व्हॉल्व घ्यायला येतात." आणि बाहेरच्या झाकणाचा एक, आतल्या झाकणाचा एक, असे दोन कुकर काउंटरवर ठेवले.

फरक असा. बाहेरच्या झाकणाच्या कुकरमध्ये झाकण वरून बसतं आणि फिरवलं की कडेचे दात एकमेकांखाली अडकतात. नव्या कुकरच्या झाकणाच्या कडेला खाच असते, दाब फार वाढला तर तिथून रिंग बाहेर ढकलली जाते आणि वाफ निघून जाते. चांगलीच सोय आहे, पण घाईच्या वेळी कोणी जोर लावून फिरवलंच तर आत वाफ असतानाही ते उघडू शकतं. आतल्या झाकणाच्या कुकरमध्ये झाकण तिरकं करून तोंडातून आत घालायचं, सरळ करायचं आणि वर ओढून दोन्ही दांड्या एकमेकींवर आणून अडकवायच्या. म्हणजे झाकण कडेच्या खालून टेकतं. आत वाफ वाढली की ती झाकणाला आणखी घट्ट दाबते. काका म्हणाले, "याला कुलूप नाही ताई, वाफ हेच कुलूप. आत वाफ आहे तोवर पैलवान आणलात तरी उघडणार नाही."

मग त्यांनी कुकर पूर्ण मोडला. शिट्टी काढून हातात दिली; वाटते त्यापेक्षा जड असते. रिंग काढली. झाकण उलटं करून मधली नळी दाखवली आणि म्हणाले, "फुंका." दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, झाकणाला तोंड लावून फुंकायचं! फुंकलं. पलीकडे धरलेल्या तळहातावर वारा लागला. "झालं. रोज एवढंच बघायचं. वारा आला तर वाफही जाईल." नळीशेजारचं बटणाएवढं दिसतं तो सेफ्टी व्हॉल्व. त्यात कमी तापमानाला वितळणारा धातू असतो.

दुकानाच्या मागच्या बाजूला त्यांची चहाची शेगडी आहे. तिच्यावर त्यांनी नुसतं पाणी घालून कुकर चढवला आणि मला शेजारी उभं केलं. मी आजवर कुकरचा आवाज हा एकच आवाज धरत होते. तिथे कळलं की ते चार आवाज आहेत. आधी कडेने बारीक फुसफुस, झाकण नीट बसेपर्यंत. मग नळीतून सरळ उभी वाफ, तेव्हा शिट्टी बसवायची. (आपण सगळे शिट्टी सुरुवातीलाच अडकवून मोकळे होतो. वाफ येताना दिसली की नळी मोकळी असल्याची खात्री पटते, म्हणून वाफ आल्यावर.) मग शिट्टी थरथरते, पाण्याचे दोन-चार थेंब उडतात. आणि मग ती. मी दचकून मागे सरकले, मागे पितळी घंगाळांची चवड होती, ती थोडक्यात वाचली.

"आता काय झालं?" काकांनी शाळेतल्या मास्तरांसारखं विचारलं.

"शिट्टी."

"ते झालंच. पण झालं काय? जादाची वाफ बाहेर गेली. म्हणजे कुकर ठीक चाललाय. शिट्टी व्हायची वेळ उलटून गेली, गॅस मोठा आहे आणि वर काहीच हालचाल नाही, तेव्हा घाबरायचं. लांबूनच गॅस बंद करायचा आणि गार होईपर्यंत हात लावायचा नाही."

इतकी वर्षं मी नेमकी उलटी घाबरत होते. ज्या आवाजाने मी गॅलरीत पळायचे तो आवाज सगळं सुरळीत असल्याचा होता, आणि तो थांबला की मी निवांत होऊन आत यायचे.

रात्री बाबांना फोन लावला. रिटायर होऊन जमाना झाला तरी वाफेचा विषय निघाला की माणूस खुलतो. म्हणाले, "अगं, इंजिनाच्या फायरबॉक्सच्या माथ्यावर शिशाचा बूच असायचा. बॉयलरमधलं पाणी खाली गेलं की तो वितळायचा आणि वाफ विस्तवावर यायची. तुझ्या आईच्या कुकरने तेच केलं. नळी डाळीने तुंबली, दाब वाढला, तसं तापमान वाढलं, बूच वितळला. तो उडाला म्हणून कुकर शाबूत राहिला." मग त्यांनी हिशेब मांडला. कुकरमध्ये हवेच्या दाबावर आणखी साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब असतो, म्हणून आत एकशे वीस अंशांपर्यंत तापमान जातं. झाकण सोळा सेंटिमीटर व्यासाचं धरलं तर त्यावर आतून दोनशे किलोचा रेटा. ते झाकण आत ढकलल्याशिवाय उघडतच नाही, कोण ढकलणार? मी म्हटलं, बाबा, हे इतक्या वर्षांत सांगितलं का नाही? "तू विचारलंस कुठे? तू गॅलरीत असायचीस."

काकांनी घरी करायचा अभ्यास दिला होता: सुरुवातीला फक्त पाण्याचा कुकर लावायचा. डाळ नाही, तांदूळ नाही, जेवणाची घाई नाही. बिघडलं तर पाणीच बिघडेल. नवरा झोपलेला, लेक शाळेत, आणि मी भरदुपारी पाणी शिजवतेय. एक हात गॅसच्या बटणावर. पहिल्यांदा शिट्टी हलायला लागली तशी बंदच करून टाकला. पुढच्या खेपेला होऊ दिली. छातीत धडधड व्हायचीच, पण पाय तिथेच राहिले. मग बटाटे. मग भात. तूर सगळ्यात शेवटी, कारण फेस तिचाच येतो आणि तिचेच कण नळीत अडकतात. डाळ-तांदूळ अशा फुगणाऱ्या पदार्थांना कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, बाकी पदार्थांना दोन तृतीयांश. डाळीत हळद आणि तेलाचे दोन थेंब घातले की फेस कमी येतो. हे सगळं कुकरबरोबरच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. ती पुस्तिका आपण वॉरंटी कार्डाबरोबर ड्रॉवरमध्ये टाकतो आणि तिच्यावर मेणबत्त्या ठेवतो.

शिट्ट्या मोजणं मी सोडून दिलंय. "तीन शिट्ट्या दे" हे माप गॅस किती मोठा, पाणी किती, रिंग जुनी की नवी यावर बदलतं. पहिली पूर्ण शिट्टी झाली की गॅस बारीक करते आणि घड्याळ लावते. भिजवलेली तूर बारीक गॅसवर सात-आठ मिनिटांत लोण्यासारखी होते. यात आमच्यासारख्यांचा एक छुपा फायदाही आहे: शिट्टी एकदाच होते. पुढे नुसती धुसफुस.

आता अर्धा गुण का कापला ते. झाकण बसवणं. दुकानात काकांनी डोळे मिटून बसवलं, घरी मी कोडं सोडवत बसल्यासारखी. कुठल्या बाजूने तिरकं करायचं ते हाताला कळायला वेळ लागतो, आणि आधीच धाकधूक असलेल्या माणसाला ही खटपट नको वाटते. पहिले काही दिवस कोरड्या, गार कुकरवर सराव करा, टीव्ही बघताना केला तरी चालतो. दुसरं, तोंड लहान असल्यामुळे घरातली जुनी कुकरची भांडी आत जात नाहीत. माझ्या डब्यांचा संच तसाच पडून आहे, नवीन दोन भांडी घ्यावी लागली. तिसरं, काढताना गरम झाकण त्याच लहान तोंडातून तिरकं करून बाहेर काढायचं, त्याचं पाणी भातावर ठिबकतं. मोठ्या कुटुंबाला, वरण-भात-बटाटे एकावर एक लावणाऱ्यांना बाहेरच्या झाकणाचाच बरा पडेल. आम्हा तिघांना हा पुरतो.

उघडताना घाई करायची नाही. आत वाफ असेल तर झाकण जागचं हलत नाही, आणि वाफ गेली की स्वतःहून किंचित खाली बसतं, तो खट्‌ आवाज येतो. मला तो आवाज फार आवडायला लागलाय. नवरा शिट्टी काट्याने उचलून फुस्स करून वाफ काढतो. मी ते करत नाही, आणि करणारही नाही. जेवायला दहा मिनिटं उशीर झाला म्हणून कोणी उपाशी मरत नाही.

कोणताही घ्या, खाली आयएसआयची निशाणी बघून घ्या. घरगुती प्रेशर कुकरला ती १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीची आहे, मानक क्रमांक आयएस २३४७. निशाणीजवळ सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की कोणत्या कंपनीला दिलाय ते दिसतं. ऑनलाइन स्वस्तात मिळतोय म्हणून ही पायरी गाळू नका. निशाणी नसलेले कुकर विकू दिले म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये मोठ्या ई-कॉमर्स कंपन्यांना दंड केलेला आहे. रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व त्याच कंपनीचे घ्या. रस्त्यावर गठ्ठ्याने मिळणारी रिंग "सगळ्याला बसते" म्हणतात, म्हणजे नीट कशालाच बसत नाही. मी रिंग धुऊन सुटी वाळवते आणि कडक झाली, चिरा पडल्या की बदलते. काकांच्या म्हणण्याप्रमाणे रोजच्या वापरात वर्षाला एक धरावी.

कुकरचा आणि याचा थेट संबंध नाही, तरी सांगते. मागच्या महिन्यात सिलेंडर संपला तेव्हा नवरा घरी नव्हता. एरवी मी खालच्या काकूंच्या मुलाला हाक मारली असती. या वेळी झाकण काढून आतली रबराची रिंग आहे का ते बघितलं, रेग्युलेटर बसवला, साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं, आणि खिडक्या उघड्या ठेवून शेगडी पेटवली. हात थरथरत होते, हे लपवत नाही. पण कशाला घाबरायचं आणि ते कसं तपासायचं हे माहीत असलं की थरथरत्या हातांनीसुद्धा काम होतं. लिफ्टचं मात्र अजून जमलेलं नाही, पाच मजले चढूनच जाते. त्याचा रिव्ह्यू कोणी लिहिला तर कळवा.

सासूबाई परवा चार दिवसांसाठी आल्या होत्या. मी कुकर लावला, त्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. एक शिट्टी झाली, गॅस बारीक केला. त्या दुसरीची वाट बघत राहिल्या. "अगं, बिघडला की काय हा?" म्हटलं, "नाही आई, मिनिटांवर आहे." डाळ रवीने घोटून बघितली, चाखली, आणि "तुझ्या सासऱ्यांना अशीच लागायची" म्हणाल्या. सोलापूरला नेण्यासाठी त्यांनीही असाच एक मागितलाय, पण पाच लिटरचा. जावेकडे माणसं जास्त.

तो आणायला या रविवारी जायचंय. तुम्ही जाणार असाल तर गाडी रविवार कारंजाच्या अलीकडेच कुठेतरी लावा, आत न्यायच्या भानगडीत पडू नका. पावसाळ्यात गोदावरीला पाणी वाढल्याच्या बातम्या असतील तर जाऊच नका, त्या भागात पाणी शिरतं. काकांचं दुकान दुपारी दीड ते चार बंद असतं. यूपीआय चालतं, बिल मागून घ्यावं लागतं. आणि फुंकून बघायची लाज वाटत असेल तर सकाळी उघडल्या उघडल्या जा, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं.